समोरचे दिसते, तरी विमान का उतरत नाही?

जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा आणि ऑक्टोबरात सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरच्या माणसालाही आता विमानाचे वेळापत्रक आपले वाटू लागले आहे. त्याबरोबर हिवाळ्यातला एक प्रश्नही आपल्याकडे आला. धुक्यात एसटी धावते, दुचाकी धावते, मग विमानालाच काय होते? 'वैमानिक घाबरला', 'कंपनीला यायचेच नव्हते' असे शेरे सहज मारले जातात. खरे तर हा निर्णय धाडसाचा नसून मोजमापाचा असतो. आणि त्या मोजमापाच्या मुळाशी माणसाचा डोळा आणि मेंदू आहे.

शिर्डीचे उदाहरण घेऊ. तिथला विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर २०१९ च्या मध्यापासून मात्र जवळपास महिनाभर तिथली उड्डाणे बंद राहिली. त्या वेळच्या सुविधांनुसार शिर्डीत उतरण्यासाठी ५,००० मीटरपर्यंत दिसणे आवश्यक होते आणि हवा तेवढी स्वच्छ होत नव्हती. दिल्लीच्या विमानतळावर मात्र ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरवण्याची सोय आहे. देश एक, नियम करणारी यंत्रणा एक, मग शंभरपट फरक कसा?

फरक साधनांचा आहे. वैमानिक केवळ डोळ्यांच्या भरवशावर उतरणार असेल, तर त्याला लांबवर दिसलेच पाहिजे. धावपट्टीजवळ 'आयएलएस' ही यंत्रणा असेल, तर ती दोन रेडिओ संकेत पाठवते. एक संकेत धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो, दुसरा खाली येण्याचा साधारण ३ अंशांचा उतार. ढगातून येतानाही वैमानिकाला आपण कुठे आहोत ते कळते. यातल्या पहिल्या श्रेणीत किमान ५५० मीटर दिसावे लागते आणि जमिनीपासून २०० फुटांवर निर्णय घ्यावा लागतो. दुसऱ्या श्रेणीत ही मर्यादा ३०० मीटर आणि १०० फुटांपर्यंत येते. तिसऱ्या श्रेणीत ती आणखी खाली जाते, पण त्यासाठी स्वयंचलित अवतरण करणारे विमान, खास प्रशिक्षित वैमानिक आणि तशीच सज्ज धावपट्टी हे तिन्ही लागते. एक जरी कमी असेल तरी ती सवलत मिळत नाही.

धावपट्टीवरची दृश्यमानताही कोणी नजरेने अंदाज करून सांगत नाही. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या कडेला ठरावीक अंतरावर दोन खांब असतात. एकातून प्रकाश निघतो, दुसरा तो मोजतो. वाटेत धुक्याने किती प्रकाश गिळला यावरून वैमानिकाला किती मीटरपर्यंत दिवे दिसतील ते काढले जाते. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने 'दृष्टी' नावाचे असे भारतीय उपकरण तयार केले आहे.

आता ५५० मीटर म्हणजे किती, ते पाहू. उतरताना जेट विमानाचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर असतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० मीटर. ५५० मीटर अंतर आठ सेकंदांत संपते. २०० फुटांवरून चाके टेकेपर्यंत पंधरा-सतरा सेकंद मिळतात. एवढ्या वेळात उपकरणांवरची नजर उचलायची, बाहेरचे दिवे ओळखायचे, विमान सरळ आहे का हे ताडायचे आणि उतरायचे की वर जायचे हे ठरवायचे. डोळ्याला दिसणे आणि मेंदूला उमगणे यात वेळ जातो, आणि तोच इथे सर्वांत महाग असतो.

त्यातच धुके डोळ्याला फसवते. पाहण्यासारखे काही नसले की डोळ्याचे भिंग आपोआप एक-दोन मीटरवर स्थिरावते, त्यामुळे दूरची वस्तू उशिरा लक्षात येते. धुक्यात आकृतीचा उठाव कमी होतो आणि मेंदूला आपला वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो. काचेवरच्या पावसामुळे प्रकाश वाकतो आणि आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असे वाटू शकते. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही चुकते. विमान जोरात पुढे झेपावले की नाक वर गेल्याचा भास होतो, आणि बाहेर काही दिसत नसेल तर वैमानिक ते खाली दाबू शकतो. हे भास निरोगी, अनुभवी माणसालाही होतात. त्यांवर औषध नाही, नियम आहे.

धावपट्टीचे दिवे म्हणजे या फसव्या परिस्थितीत मेंदूसाठी लिहिलेली भाषा. पट्टीची सुरुवात हिरव्या दिव्यांनी आणि शेवट लाल दिव्यांनी दाखवतात. कडेचे दिवे पांढरे, तर शेवटच्या टप्प्यात पिवळे असतात. पट्टीआधी ९०० मीटरपर्यंत दिव्यांची रांग असेल, तर धुक्यातून बाहेर पडताच वैमानिकाला दिशा सापडते. पट्टीच्या बाजूला चार दिव्यांची एक ओळ असते. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उतार बरोबर, चारही पांढरे म्हणजे फार उंच, चारही लाल म्हणजे धोकादायक खाली. म्हणूनच 'आमच्याकडेही नाइट लँडिंग करा' ही मागणी चार दिवे लावून पुरी होत नाही. आजूबाजूचे अडथळेही हिशेबात धरावे लागतात. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली तो वाद सोलापूरकरांना आठवत असेलच. उतरण्याच्या मार्गात उंच काही असेल, तर सुरक्षित उंचीची मर्यादाही वर सरकते.

एवढे सगळे असूनही शेवटचा दुवा माणूसच राहतो. ७ ऑगस्ट २०२० ला पावसात कोळिकोडला उतरताना एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि २१ जण गेले. अवतरण अस्थिर झालेले असताना ते सोडून पुन्हा वर न जाणे, हे तपास अहवालाने संभाव्य कारण म्हणून नोंदवले. मुक्काम समोर दिसू लागला की ठरवलेला बेत सोडणे मेंदूला जड जाते. मागे प्रवासी, घड्याळ, कधी मोठी असामी असली की आणखी जड जाते.

डॉक्टरांना हे दडपण नवे नाही. शस्त्रक्रियेच्या सकाळी रुग्णाने चहा-बिस्किटे खाल्ली असे कळले की भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. नातेवाईक चिडतात, 'एवढ्याशा चहाने काय होते' म्हणतात. बहुतेक वेळा काही होतही नाही. पण भुलेत ते अन्न श्वासनलिकेत गेले, तर जीव जातो. किमान मर्यादा त्या एका वेळेसाठी असते. ती आधीच, शांत डोक्याने ठरवलेली असते, म्हणून ऐन वेळी कोणाशी घासाघीस करावी लागत नाही.

तेव्हा छोट्या विमानतळांबाबत आपण मागायचे ते नेमके मागू या: आयएलएस, पुरेशी दिव्यांची रांग, हवामान मोजणारी उपकरणे आणि अडथळेमुक्त परिसर. 'काहीही करून उतरवा' हा आग्रह मात्र नको, मग तो प्रवाशाचा असो वा पुढाऱ्याचा.

आणि एक गोष्ट जमिनीवरची. रत्नागिरी-नागपूर महामार्गावर पहाटेच्या धुक्यात मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि त्यांच्यामागे ताशी ऐंशीने मोटारी येतात. तिथे डोळा तोच, मेंदू तोच, भासही तेच. फरक इतकाच, की तिथे 'दिसत नाही, थांबा' असे सांगणारा नियंत्रक नसतो. तो निर्णय आपला आपणच घ्यायचा असतो. ट्रॉलीला पट्टी लावायची, वेग कमी करायचा आणि धुके फारच दाट असेल तर रस्ता सोडून सुरक्षित जागी गाडी थांबवायची. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.