बॅकवॉश केला म्हणजे कार्बन नवा होत नाही

"विहिरीच्या पाण्याला कार्बन फिल्टर बसवलाय, दर आठवड्याला बॅकवॉश करतो. मग कार्बन बदलायचा कशाला?" पावसला घर असलेली नातेवाईक मंडळी मला हमखास विचारतात. (कॉम्प्युटरवाल्याला सगळं येतं, असा एक समज असतो!)

तर मंडळी, बॅकवॉश म्हणजे पाणी खालून वर उलटं सोडणं. थर फुगतो, दाणे घासले जातात, अडकलेला गाळ वाहून जातो. पण गाळ अडवणं हे कार्बनचं खरं कामच नव्हे. करवंटीचा कोळसा वाफेत तापवून त्यात सूक्ष्म छिद्रं पाडतात; एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग 1000 चौरस मीटरच्या आसपास! वास, रंग, सेंद्रिय द्रव्यं तिथे चिकटतात. उलट्या पाण्याने ती सुटत नाहीत, त्याला 800 अंशांच्या आसपासची भट्टीच लागते.

आमच्या भाषेत, बॅकवॉश म्हणजे टेम्प फाइल्स उडवणं. हार्ड डिस्क भरली ती भरलीच. प्रेशर गेजही फक्त तुंबलेला गाळ दाखवतो, भरलेली छिद्रं नाही. आणि बॅकवॉश फार जोरात केला, तर हलका कार्बनच गटारात जातो.

म्हणून माझं मत: पावसाळ्यात विहीर गढूळ होते, तर आधी वाळूचा फिल्टर लावा. कार्बन बदलायची तारीख टाकीवर लिहून ठेवा. आणि पिण्याचं पाणी उकळाच. कार्बनच्या थरात जंतू आरामात वाढतात, बॅकवॉशने ते पुरते जात नाहीत. पाणी नितळ दिसलं म्हणजे शुद्ध झालं, असं नाही.