पाहिले तेवढेच सांगावे

२०२५ च्या सुरुवातीला '२०२४ वायआर ४' या लघुग्रहाची बातमी घरोघरी पोहोचली. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारीत शेकडा तीनपर्यंत चढली होती आणि धोक्याच्या पट्ट्यात मुंबईचेही नाव घेतले गेले. पुढे निरीक्षणे वाढली, तशी महिना संपण्याआधीच ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली. भीती मात्र जितक्या घरांत पोहोचली, तितक्या घरांत खुलासा पोहोचला नाही. आपल्या समाजाला पिढ्यान् पिढ्या ग्रहांच्या नावाने भीती घालून लुबाडले गेले आहे. म्हणून हे लघुग्रह असतात कसे आणि ते पाहतात कसे, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे असे आम्हास वाटते.

लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहानमोठे दगडधोंडे. त्यांपैकी बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आहेत. पृथ्वीवरून मोठ्या दुर्बिणीतूनही ते प्रकाशाच्या ठिपक्यासारखे दिसतात. २९ ऑक्टोबर १९९१ रोजी 'गॅलिलिओ' हे यान 'गॅस्प्रा' नावाच्या लघुग्रहापासून सुमारे १,६०० किलोमीटरवरून गेले, तेव्हा माणसाने प्रथमच लघुग्रह जवळून पाहिला. तो गोल नव्हता. सुमारे १८ किलोमीटर लांबीचा, वेडावाकडा, बटाट्यासारखा होता. मोठ्या ग्रहाचे स्वतःचे वजनच त्याला चहूबाजूंनी आत ओढून गोल करते. लहान धोंड्यात तेवढी ओढ नसते, म्हणून तो जसा फुटला तसाच राहतो.

यान तेथे थांबत नाही, वेगाने पुढे निघून जाते. तेवढ्या वेळात घेतलेल्या फोटोंवरून आकार कसा काढतात? पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथले कारागीर तांब्याच्या भांड्यावर हातोडीने मठारकाम करतात. जुन्या, चमक गेलेल्या मठारलेल्या भांड्यावर समोरून उजेड टाकला, तर ठोके नीट दिसत नाहीत. उजेड बाजूने आला, की प्रत्येक खळग्याच्या एका कडेला सावली पडते आणि ठोका उठून दिसतो. शास्त्रज्ञही हेच करतात. सूर्य कोणत्या बाजूला आहे हे त्यांना ठाऊक असते. सावली किती लांब पडली यावरून ते खड्ड्याची खोली मोजतात. शिवाय यान पुढे सरकते, लघुग्रहही स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे एकच खड्डा वेगवेगळ्या फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसतो. आपल्याला दोन डोळ्यांमुळे अंतर कळते, तसा त्यांना उंचसखलपणा कळतो. तांबटाचे ठोके शिस्तीत, ओळीने पडतात. लघुग्रहावरचे ठोके इतर दगडांच्या माराचे, त्यांना शिस्त नाही. ठोके जितके दाट, तितका तो पृष्ठभाग जुना.

असाच एक ठोका आपल्या महाराष्ट्राच्या अंगावरही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या खळग्यात आहे. लोणासुर राक्षसाची कथा लोकांनी पिढ्यान् पिढ्या ऐकली. खळग्यातला दगड तपासला तेव्हा प्रचंड माराने बदललेली खनिजे सापडली आणि हा खळगा आकाशातून आलेल्या धोंड्याने पडला हे सिद्ध झाले.

गॅलिलिओ २८ ऑगस्ट १९९३ रोजी 'आयडा' या दुसऱ्या लघुग्रहाजवळून गेले. यानाची मोठी अँटेना उघडलीच नव्हती, म्हणून फोटो लहान अँटेनावरून थोडेथोडे करून कित्येक महिने येत राहिले. फेब्रुवारी १९९४ मध्ये ते तपासताना आयडाशेजारी एक बारीकसा ठिपका सापडला. तो आयडाचा चंद्र निघाला, जेमतेम दीड किलोमीटरचा. लघुग्रहाला चंद्र असतो हे तेव्हा प्रथम पक्के कळले. घाई केली असती, तर तो ठिपका फोटोतला डाग म्हणून सोडून दिला गेला असता.

आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट. २७ जून १९९७ रोजी 'निअर' यान 'मॅथिल्ड' जवळून गेले. हा लघुग्रह कोळशासारखा काळा. म्हणून त्याच्यावरील खड्ड्यांना जगातील कोळसा क्षेत्रांची नावे दिली आहेत, आणि त्यांत आपल्या देशातील 'दामोदर' हेही नाव आहे. मॅथिल्डला स्वतःभोवती एक फेरा घ्यायला १७ दिवसांहून अधिक लागतात. यान काही मिनिटांत निघून गेले, त्यामुळे पलीकडची बाजू अंधारातच राहिली. तेव्हा शास्त्रज्ञांनी तिकडचे खड्डे मनाने काढले नाहीत. जेवढे दिसले तेवढ्याचाच नकाशा केला.

हीच खरी विज्ञाननिष्ठा. ज्याने शनीकडे कधी दुर्बीण लावली नाही, तो शनीच्या नावाने दक्षिणा मागतो. आणि ज्यांचे यान प्रत्यक्ष जाऊन आले, ते म्हणतात, ही बाजू आम्ही पाहिलेली नाही. बंधुभगिनींनो, यांपैकी विश्वास कोणावर ठेवायचा? आपण धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असे सांगणारा धम्म तथागतांनी दिला. तो स्वीकारल्यावर मुलीचे लग्न मंगळापायी अडवणे आपल्या घरात शोभत नाही.

मुलांसाठी घरचा एक प्रयोग. बटाट्याला चमच्याच्या टोकाने पाच-सहा खड्डे पाडा. रात्री दिवा मालवून टॉर्च आधी समोरून आणि मग बाजूने धरा. एकाने बटाटा हळूहळू अर्धाच फेरा फिरवावा, दुसऱ्याने दिसेल तेवढे चित्र काढावे. न दिसलेली बाजू कोरी ठेवावी. मातांनी एवढेच पाहावे, की कोऱ्या जागी पोराने काही काढलेले नाही.

१३ एप्रिल २०२९ रोजी 'अपोफिस' हा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. त्याच्या मार्गाचे गणित वारंवार तपासले गेले आहे आणि पुढची निदान शंभर वर्षे त्याच्यापासून धोका नाही. तरी त्या दिवसाआधी शांतीचे आणि ताईताचे दुकान मांडणारे येतील. ते दारात आले, की आपल्या मुलाने किंवा मुलीने एकच प्रश्न विचारावा: तुम्ही पाहिले काय?