पेरणीची वेळ आणि कामाची आखणी : प्रकल्प-व्यवस्थापनाच्या संज्ञांविषयीच्या गैरसमजाचे खंडन

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या संज्ञा कारखान्यांत आणि संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्यांत घडल्या आहेत, त्यामुळे पावसाच्या भरवशावर चालणाऱ्या शेतीला आणि खेड्यातील सामुदायिक कामांना त्या लावणे म्हणजे अहवालांच्या ढिगात आणखी भर घालणे होय, असे मत वऱ्हाडातील जाणत्या लोकांतही ठामपणे मांडले जाते. पाऊस कधी येईल हेच जिथे ठाऊक नाही, तिथे वेळापत्रक कशाचे आखायचे, हा या मताचा मुख्य आधार आहे. हा आक्षेप अनुभवातून आलेला असल्याने तो सहज पटतो. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीसारख्या, बहुतांश शेती कोरडवाहू असलेल्या तालुक्यालाच मोजावी लागते.

आक्षेपातील पहिली चूक इतिहासाची आहे. नियोजनशास्त्र निश्चिततेवर उभे आहे आणि म्हणून अनिश्चित कामाला ते निरुपयोगी आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात या शास्त्राची एक मुख्य पद्धत अनिश्चिततेपोटीच जन्मली. अमेरिकी नौदलाने 1958 साली पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही पद्धत विकसित केली, तेव्हा त्या कामातील कित्येक टप्पे पूर्वी कोणी केलेलेच नव्हते आणि त्यांना किती काळ लागेल हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी एकच मुदत न धरता, सारे सुरळीत झाल्यास लागणारा काळ, बहुधा लागणारा काळ आणि सारे बिघडल्यास लागणारा काळ असे तीन अंदाज घेण्यात आले व मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन त्यांची सरासरी काढण्यात आली. मृग कोरडा गेला तर काय आणि आर्द्रापर्यंत थांबावे लागले तर काय, असा विचार करणारा शेतकरी याच वाटेने जात असतो. फरक इतकाच की तो आपले आडाखे मांडून ठेवत नाही, आणि मांडून न ठेवल्यामुळे घरातल्या किंवा गटातल्या दुसऱ्या कोणाला ते तपासता येत नाहीत.

याच सुमारास, 1957 मध्ये, ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतील तज्ज्ञांनी ‘क्रिटिकल पाथ’ ही संकल्पना सिद्ध केली. कोणत्याही मोठ्या कामात काही कामे एकामागून एकच करावी लागतात आणि काही शेजारीशेजारी चालू शकतात. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी सर्वांत लांब, तिच्यावर संपूर्ण कामाची मुदत ठरते, आणि तिच्यातील एका कडीला झालेला उशीर पूर्ण कामाचा उशीर होतो. या साखळीबाहेरील कामांना मात्र पुढेमागे सरकण्याची मोकळीक असते. खरिपाची पेरणी या दृष्टीने तपासली, तर आक्षेपाचे उत्तर तिथेच सापडते. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नये, असा कृषी खात्याचा सल्ला असतो, आणि पाऊस झाल्यावरही वाफसा येईपर्यंत काळ्या जमिनीत तिफण घालता येत नाही. वाफसा आल्यावर हाती उरणारे दिवस थोडे असतात, आणि सलग झड लागली तर तेही जातात. आता या थोड्या दिवसांत कोणती कामे येऊन पडतात ते पाहावे. घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवणशक्ती तपासणे, ती 70 टक्क्यांहून कमी निघाल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवणे किंवा दुसरे बियाणे मिळवणे, बीजप्रक्रियेची औषधे आणणे, पेरणीयंत्राची दुरुस्ती, पीककर्जाची कागदपत्रे, या कामांपैकी एकाचाही पावसाशी संबंध नाही. ती मे महिन्यात उरकता येतात, म्हणजे त्यांना भरपूर मोकळीक असते. ती पहिल्या पावसापर्यंत लांबली की ती मोकळीक संपते आणि तीच कामे पेरणीला अडवून धरणाऱ्या साखळीत शिरतात. पाऊस माणसाच्या हाती नाही हे खरे आहे, परंतु पावसाआधीचे सगळे हाती आहे, आणि जितका पाऊस अनिश्चित तितकी या आखणीची गरज अधिक. कालव्याचे पाणी हमखास मिळणाऱ्या बागायतदाराला आठवड्याची ढिलाई परवडू शकते; कोरडवाहू शेतकऱ्याला ती परवडत नाही.

एलियाहू गोल्डरॅट यांनी 1984 साली मांडलेला ‘बॉटलनेक’चा, म्हणजे अडथळ्याच्या जागेचा, विचार याला पूरक आहे. कामाच्या ओघात जी जागा सर्वांत अरुंद, तिच्याहून अधिक वेगाने संपूर्ण काम पुढे जाऊ शकत नाही, म्हणून इतरत्र ओतलेला पैसा आणि श्रम फुकट जातात. सोयाबीनचे पहिले 30 ते 45 दिवस तणमुक्त ठेवणे आवश्यक असते आणि नेमक्या त्याच काळात गावातील प्रत्येक शेतात निंदण व डवरणी एकदम निघते. बायांच्या टोळ्या मोजक्याच असतात. ही अरुंद जागा आधीच माहीत असताना गावभर एकाच दिवशी एकाच पिकाची पेरणी करणे, आणि मग मजूर मिळत नाहीत म्हणून खंत करणे, हा नियोजनाचा दोष आहे. गावाने पेरण्यांत व पिकांत थोडे अंतर राखले, तर तेवढ्याच टोळ्या अधिक शेतांना पुरतात.

उत्पादकतेविषयीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. उत्पादकता वाढवणे म्हणजे मजुराला अधिक राबवणे, असे म्हणणाऱ्यांना इतिहासाचा आधार आहे. फ्रेडरिक टेलर यांच्या 1911 मधील शास्त्रीय व्यवस्थापनाच्या मांडणीतून कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळाने मोजण्याची जी प्रथा रूढ झाली, तिने श्रमिकांत रास्त संताप निर्माण केला. परंतु उत्पादकता म्हणजे घातलेल्या साधनांच्या तुलनेत मिळालेले फळ, एवढाच तिचा अर्थ आहे. साधन म्हणून केवळ श्रम किंवा केवळ जमीन धरायची, ही निवड मोजणाऱ्याची असते. शासकीय तक्त्यांत ती हेक्टरी उत्पादनातच मोजली जाते आणि खरी गफलत तिथे आहे. कोरडवाहू शेतात दुर्मीळ असलेली साधने पाणी आणि रोख पैसा ही असतात. दोन जादा फवारण्या व दुप्पट खत देऊन एकरी दोन क्विंटल अधिक काढणारे शेत हेक्टरी हिशेबात पुढे दिसते; गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागील आणि पडलेल्या प्रत्येक मिलिमीटर पावसामागील हिशेब केला, तर ते मागे पडू शकते. म्हणून ही संज्ञा टाकून देण्यात शेतकऱ्याचे आणि मजुराचे हित नाही. तिचा भाजक कोणता असावा हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला पाहिजे.

चुकीचे मोजमाप काय करते, याचा पुरावा कापसाच्या वेचणीत दरवर्षी दिसतो. मजुरी किलोवर दिली जाते, त्यामुळे भराभर वेचून वजन वाढवण्याकडे ओढ राहते. पालापाचोळा कापसात जातो, दव न सुकलेला कापूस वेचला जातो आणि खरेदी केंद्रावर त्याची प्रत व भाव घसरतो. भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, त्यापुढे कपात करते आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेत नाही. दोष वेचणाऱ्या बाईचा नाही; तिला जे मोजून पैसे दिले जातात तेच ती वाढवते. एखादे मोजमाप उद्दिष्ट बनले की ते चांगले मोजमाप राहत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते. कोरड्या आणि स्वच्छ वेचणीला किलोमागे वाढीव दर देणे हा त्यावरचा साधा उपाय आहे, आणि तो मजुराच्या फायद्याचा आहे.

सांघिक कामाबद्दल असे म्हटले जाते की सावडीची परंपरा असलेल्या खेड्याला संघभावना शिकवण्याची गरज नाही. सावड होती आणि काही ठिकाणी आहेही. परंतु तिला निव्वळ प्रेमभाव समजणे म्हणजे तिची खरी ताकद न ओळखणे होय. एका बैलाचा शेतकरी दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी जोडी जमवतो, तेव्हा कोणाच्या रानात किती दिवस औत चालले याचा चोख हिशेब दोघांच्याही मनात असतो आणि तो फिटला नाही तर सावड मोडते. हा हिशेब का लागतो, हे मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याच्या प्रयोगांनी दाखवले. माणसांना दोर ओढायला लावून त्याने केलेल्या आणि 1913 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, आठ जणांच्या गटात दरमाणशी ओढ एकट्या माणसाच्या ओढीच्या जवळपास निम्म्यावर आली होती. काही घट ताल न जुळल्यामुळे होते आणि काही आपला वाटा वेगळा दिसणार नाही या जाणिवेमुळे. म्हणून गट लहान हवा, प्रत्येकाचे काम डोळ्यांना दिसेल असे हवे आणि कामाची वेळ जुळवणारा एक माणूस हवा. बार्शीटाकळी तालुका गावोगावच्या जलसंधारण कामांच्या ज्या वॉटर कप स्पर्धेत 2017 साली उतरला, तिच्यात हेच घडवलेले होते. आधी गावातील निवडक स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण, मग 8 एप्रिल ते 22 मे हा 45 दिवसांचा ठरलेला काळ, आणि झालेल्या कामाचे घनमीटरमध्ये मोजमाप, अशी तिची रचना होती. भाषणांनी एकजूट होते असे मानणाऱ्यांनी ही बांधणी लक्षपूर्वक पाहावी.

तरीही या संज्ञांच्या शासकीय वापरावर जो राग आहे त्यातील एक भाग पूर्णपणे रास्त आहे, आणि तो झालेले काम व साधलेला परिणाम यांतील भेद पुसण्याबद्दलचा आहे. बंधारा बांधला, हे काम झाले. उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहिले, हा परिणाम. जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे 9,634 कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असे महालेखापरीक्षकांनी 2020 साली विधिमंडळात मांडल्या गेलेल्या अहवालात नोंदवले, आणि देखभालीची व्यवस्था नसणे हा त्यांनी दाखवलेल्या दोषांपैकी एक होता. परिणाम कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्नही त्याला जोडूनच येतो. बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथे काटेपूर्णा प्रकल्पाचे धरण आहे आणि त्याचे पाणी अकोला शहर पिते. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम असल्याने टंचाईच्या वर्षी धरणाखालच्या शेतीचे सिंचन मागे पडते. अशा वेळी प्रकल्पाचे हितसंबंधी कोण, म्हणजे त्याच्या यशापयशाचा भार कोणाकोणावर पडतो, ही यादी आरंभीच करणे हा कागदी सोपस्कार उरत नाही. त्या यादीत नाव असलेल्या गावांना पाणीवाटपाच्या बैठकीत बसता येते, नसलेल्यांना निर्णय फक्त कळवला जातो. बंधाऱ्यांबाबतही मंजुरीच्या वेळीच, गाळ कोणत्या महिन्यात, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या देखरेखीखाली काढायचा हे ग्रामसभेच्या ठरावात लिहिले गेले पाहिजे, आणि पुढच्या कामाचा निधी मागताना मागील बंधाऱ्याखालच्या विहिरींची मे महिन्यातील पाणीपातळी सोबत जोडण्याची अट घातली गेली पाहिजे.