सोपा कर, जागरूक राज्य

करपद्धती सोपी करावी अशी मागणी निघाली की आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, कर सोपा केला की राज्याची पकड सैल होईल, बडा व्यापारी निसटेल आणि बोजा गरिबाच्या माथी येईल; दुसरा म्हणतो, कर सोपा करायचाच असेल तर त्याबरोबर सरकारने व्यापारउदिमातून आपले अंगही काढून घ्यावे. दोघे हमरीतुमरीवर येतात खरे, परंतु कायद्याची गुंतागुंत हेच राज्याचे बळ होय, हे गृहीतक दोघांनाही मान्य असते. एकाला ते बळ हवे आहे, दुसऱ्याला नको आहे, एवढाच काय तो भेद. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याची ८१९ कलमे जाऊन २०२५च्या नव्या कायद्यात ५३६ उरली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वस्तू व सेवा कराचे मुख्य दर चारांवरून दोनांवर आले, या निमित्ताने त्या गृहीतकाचीच झडती घेणे अगत्याचे आहे. गुंतागुंत हे राज्याच्या बळाचे नव्हे, तर दुबळेपणाचे लक्षण होय, असे माझे प्रतिपादन आहे.

पहिल्या पक्षाचा मुख्य मुद्दा न्यायाचा. श्रीमंताची चैन आणि गरिबाची भाकरी यांना एकच दर लावणे अन्यायाचे, हे तत्त्व निर्विवाद आहे. परंतु दरांच्या पायऱ्या वाढू लागल्या की न्याय बाजूला राहतो आणि वर्गीकरणाचा काथ्याकूट सुरू होतो. सुट्या खाऱ्या पॉपकॉर्नवर ५ टक्के, तेच वेष्टनबंद व नाममुद्रित असल्यास १२ टक्के आणि साखरेच्या पाकात घोळले असल्यास १८ टक्के, असा खुलासा करण्याची पाळी डिसेंबर २०२४मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेवर आली. २०२०मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने विकतचा तयार परोटा पोळीच्या वर्गात बसत नाही, सबब त्यावर ५ नव्हे तर १८ टक्के कर लागेल, असा निवाडा दिला. या साऱ्या खलात खाणारा गरीब की श्रीमंत हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दर चढवीत नेले की न्याय आपोआप साधतो, हाही असाच भ्रम. १९७३-७४मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोचला होता, आणि असे जाचक दर हेच करचुकवेगिरीचे आद्य कारण असल्याचे वांछू समितीने त्यापूर्वीच बजावले होते. जो दर कोणी भरतच नाही, तो धनिकाला शिक्षा करीत नाही; तो फक्त प्रामाणिक माणसाला एकटे पाडतो.

दुसरा मुद्दा बंदोबस्ताचा. जागोजागी चौकी आणि पानोपानी परवाना असल्यावाचून वसूल होणार नाही, हा समज फार जुना. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९मध्ये या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात इथल्या जकातीची हकिकत आहे. बैलाच्या ओझ्यावर आकारणी होई, ती प्रत्येक प्रांतात वेगळी भरावी लागे आणि वसुलाचे मक्ते दिलेले असत. एकेका मक्तेदाराशी हुज्जत घालीत माल पुढे नेणे व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून हुंडेकरी नावाचा एक वर्गच निर्माण झाला; तो एकरकमी पैका घेऊन माल पार पोचविण्याची हमी देई आणि मक्तेदारांचा हिशेब परस्पर चुकवी. पेशवाई गेली, हुंडेकऱ्याचा धंदा मात्र बसला नाही. मुंबईत जकात होती तोवर मुलुंड, दहिसर, मानखुर्द येथील नाक्यांवर मालमोटारींची रांग, चालकाच्या हाती बीजकांची चळत, एकाच गाडीत अनेकांचा माल आणि मालागणिक दर निराळा. ताडपत्री सोडून गाठोडी उघडायची की बीजकावर विश्वास ठेवायचा, हे ठरणार कारकुनाच्या मर्जीवर, आणि ती मर्जी सांभाळायला दलाल हजर! १ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात उठली, तेव्हा राज्याचे बळ घटले नाही. घटली ती दलालाची गरज. नियम शेकड्यांनी असले की त्यांतला कोणता लावायचा हे कायदा ठरवीत नाही, अंमलदार ठरवितो. आणि ज्या राज्याचा कायदा अंमलदाराच्या खिशात राहतो, त्याला बलवान कसे म्हणावे?

येथे एक आक्षेप मात्र खरा मानला पाहिजे. जकात हे मुंबई महापालिकेचे हक्काचे मोठे उत्पन्न होते. ते गेल्यावर तिला राज्य सरकारच्या भरपाईकडे डोळे लावून बसावे लागले. स्थानिक स्वराज्य पांगळे करून मिळविलेले सुलभीकरण महागच पडते. परंतु याचा उपाय नाका परत आणणे हा नव्हे. नगरांचा वाटा कायद्याने पक्का करणे आणि मालमत्ता कर निर्भीडपणे वसूल करणे हा होय. एकीकडे स्वायत्ततेचा घोष करायचा आणि दुसरीकडे मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करून टाळ्या घ्यायच्या, ही दुटप्पी नीती नाक्यांहून अधिक घातक आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. परवानाशाहीने उद्योगाचा गळा आवळला होता, हे त्याचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. १९५१च्या औद्योगिक कायद्याखाली मंजूर क्षमतेपेक्षा जास्त माल काढणे हाही अपराध ठरे, आणि २४ जुलै १९९१च्या धोरणाने १८ उद्योग वगळता बाकीच्यांचे परवाने रद्द केले, हे उचितच झाले. परंतु यावरून सरकारने डोळे मिटून घ्यावेत असा निष्कर्ष काढणे म्हणजे इतिहास अर्धाच वाचणे होय. १९९२मध्ये भांडवल विक्रीवरील नियंत्रण संपले. कंपनीने आपला भाग किती अधिमूल्याने विकावा, हे दिल्लीतला नियंत्रक सांगत असे, ते बंद झाले. त्याच वर्षी रोखे घोटाळ्याने मुंबईचा बाजार हादरला आणि त्याच वर्षी ‘सेबी’ला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. नवी संस्था भाव ठरवीत नाही; कंपनीने आपली खरी स्थिती गुंतवणूकदारासमोर मांडली की नाही, हे पाहते. भाव ठरविणे हे राज्याचे काम नव्हे. खोटे बोलून भाव मिळविणाऱ्याला आवरणे हे त्याचेच काम होय.

चांगल्या नियमनाचा नमुना धुंडाळायला दूर जाण्याचे कारण नाही. वाण्याच्या दुकानातले लोखंडी वजन उलटे करून पाहिले, तर तळच्या शिशावर वैधमापन निरीक्षकाची मुद्रा दिसते. तिच्यामागचा नियम आधीपासून सर्वांना ठाऊक असतो. तो पेढीवाल्याला आणि हातगाडीवाल्याला सारखाच लागू होतो. आणि तो पाळला गेला की नाही, हे गिऱ्हाइकाला स्वतः तपासता येते. कौटिल्यानेही शुल्काध्यक्ष आणि वजनमापे पाहणारा पौतवाध्यक्ष असे दोन वेगळे अधिकारी कल्पिले होते, ते उगाच नव्हे. वसूल आणि देखरेख ही राज्याची दोन भिन्न कामे आहेत. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहांपेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीच्या खटाटोपातून सोडले, केवळ सूचना देणे पुरेसे मानले; कामगाराचे पैसे बुडविण्याची मुभा मात्र त्याने कोणालाही दिली नाही. कागद कमी, कर्तव्य कायम, ही दिशा योग्य आहे.

तेव्हा ज्या नियमाचे प्रयोजन सरकारला एका वाक्यात सांगता येत नाही, तो नियम रद्द व्हावा. आणि जो नियम ग्राहकाचे, कामगाराचे व ठेवीदाराचे रक्षण करतो, तो मोडणाऱ्याची गय होऊ नये. लहान दुकानदाराला आपला कर आपल्याच चोपडीवरून, कोणा हुंडेकऱ्यावाचून, काढता आणि भरता येत नाही, तोवर कर सोपा केला असे म्हणण्याचा अधिकार सरकारला नाही. आणि तो तसा भरता येऊ लागला, की वजनावरच्या मुद्रेला जाच म्हणण्याचा अधिकार व्यापाऱ्यालाही उरत नाही.