पोचपावती आपल्या हाती

आपण बायका कागद जपण्यात मोठ्या हुशार. रेशन कार्ड, सातबारा, सोसायटीची पावती, लेकीचा दाखला, सारं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांखाली. चिखलीला माझ्याही घरी अशी पिशवी आहे. पण आता अर्ज कागदावर राहिलेत कुठे? ते कॉम्प्युटरवर भरायचे. मग पिशवीत ठेवायचं काय?

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज एका केंद्रात भरला. शेवटी पडद्यावर अर्ज क्रमांक आला. मागे रांग लागलेली. 'झालं काकू,' म्हणत तिथल्या मुलानं पान बंदही केलं. दोन महिन्यांनी चौकशीला गेले, तर 'अर्ज दिसत नाही, पुरावा आणा.' मी स्वतः डोळ्यांनी पाहिला होता हो! पण डोळ्यांनी पाहिलेलं कोण मानतं? त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच.

मग लेकीनंच मला पडद्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, काढायला शिकवलं. कीबोर्डवर खिडकीचं चित्र असलेलं विंडोजचं बटण दाबून धरायचं आणि वर उजवीकडचं 'प्रिंट स्क्रीन' दाबायचं. पडदा क्षणभर अंधारतो आणि फोटो 'पिक्चर्स'मधल्या 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये जाऊन बसतो. काही लॅपटॉपवर सोबत 'एफएन' बटणही दाबावं लागतं. पडद्याचा तुकडाच हवा असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा, माउसनं चौकोन ओढा आणि वर्डमध्ये किंवा ईमेलमध्ये कंट्रोल-व्ही करून चिकटवा. झालं!

शेजारच्या वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं?" बचत गटाचा हिशेब पैशापैशापर्यंत तोंडपाठ असलेली ही बाई! न समजायला काय झालं? आपल्याला कुणी शिकवलं नाही, एवढंच.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला गावोगावच्या बायकांनी धावपळ केली. अर्ज आपला, आधार आपलं, मग अर्ज क्रमांक दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर सोडून का यायचं? मेहकर असो, लोणार असो की जळगाव जामोद, केंद्रातून उठण्याआधी ठणकावून सांगा, 'दादा, या पानाचा फोटो काढून द्या.' तारीख, वेळ आणि अर्ज क्रमांक त्यात दिसला पाहिजे. पावती डाउनलोड होत असेल तर ती आधी घ्या, कारण खरी पावती तीच. पण ती नसेल तेव्हा हा फोटो आधाराला येतो. अर्ज क्रमांक हातात असला की समोरच्याच्या बोलण्याचा सूरही बदलतो.

मात्र एक सांभाळा. केंद्रातल्या कॉम्प्युटरवर काढलेला फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवा आणि तिथून पुसायला लावा, 'रिसायकल बिन'मधूनसुद्धा. त्यात आपला आधार क्रमांक असू शकतो. आणि कुणी फसवणुकीचा मेसेज पाठवला, तर घाबरून तो पुसू नका. आधी नंबर आणि तारखेसकट फोटो काढा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

यंदा लेकीच्या अर्जाचा फोटो मी स्वतः काढला. त्याची प्रिंट साड्यांखालच्या त्या पिशवीत आहे. तुमच्या पिशवीत आहे का?