लाज सोडा, लेकरू जपा

वस्तीतल्या एका माउलीने आम्हाला विचारले, "भाऊ, तीन दिवसांची शी डब्यात जमवायची? लोक काय म्हणतील?" लेकरू खाते, पण अंगी लागत नाही, शी तेलकट होते. तूप-तेल पचते की नाही, हे या तपासणीने कळते. मोठ्या माणसाने रोज सुमारे 100 ग्रॅम स्निग्धांश खाऊन 72 तासांची सगळी शी द्यायची. तीत रोजचा 7 ग्रॅमांहून जास्त स्निग्धांश निघाला, तर पचनात दोष समजतात. लेकराचे प्रमाण डॉक्टर ठरवतात. एक नोंद राहिली की ताळा जुळत नाही, तसेच हे. एकदाचीही शी टाकू नये. मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः धुतले. मग पोटच्या लेकराच्या डब्याची लाज कशाला? जयभीम!