पुण्याची रात्र, जर्सीची दुपार

सॉफ्टवेअरवाल्यांना कामाचा इतिहास 'नीटनेटका' दाखवण्याचं जे खूळ लागलंय, त्याविरुद्ध मला आज जरा भांडायचं आहे. विषय ऐकून पळू नका मंडळी! वरवर पाहता हा आमच्या धंद्यातला किरकोळ वाद आहे: कोडमध्ये झालेल्या बदलांची यादी पडद्यावर कशी दिसावी, रंग कुठला, ओळी किती, तारीख कशी. पण त्या यादीत हिंजवडीत किंवा खराडीत बसलेल्या तुमच्या मुलाचं, सुनेचं, भाचीचं नाव असतं, किंवा नसतं. त्यांनी ते काम किती वाजता केलं हेही असतं, किंवा नसतं. म्हणून हे भांडण तुमच्यापुढे आणलंय.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. गिट नावाची एक व्यवस्था आहे. आज जगातलं बहुतेक सॉफ्टवेअर तिच्यात ठेवलेलं असतं. तलाठी फेरफार नोंदवहीत जमिनीचा प्रत्येक बदल क्रमांक देऊन लिहितो, तसा गिटमध्ये कोडचा प्रत्येक बदल नोंदला जातो. त्या नोंदीला म्हणायचं 'कमिट', आणि या नोंदी ओळीने वाचून दाखवणारी आज्ञा म्हणजे 'गिट लॉग'. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच रोमन.)

आता गंमत बघा. प्रत्येक कमिटमध्ये गिट दोन माणसं लिहून ठेवतं. एक ऑथर, म्हणजे ज्याने बदल केला तो. दुसरा कमिटर, म्हणजे ज्याने तो वहीत चढवला तो. बऱ्याचदा दोघे एकच असतात, पण नेहमी नाही. लिनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्सच्या कामासाठी. तिथे जगभरातली माणसं ईमेलने बदल पाठवायची आणि दुसराच कोणी ते तपासून वहीत चढवायचा. करणारा वेगळा, चढवणारा वेगळा, आणि दोघांचीही नावं राहिली पाहिजेत, ही समज त्या रचनेत पहिल्यापासून आहे. एवढंच नव्हे, तर दोघांच्याही नावापुढे गिट वेळ लिहितं आणि वेळेपुढे त्या त्या माणसाच्या घड्याळाचा पत्ताही लिहितं. पुण्यात केलेल्या कमिटच्या शेपटीला +०५३० असतं. आमच्या जर्सी सिटीत उन्हाळ्यात -०४००, हिवाळ्यात -०५००.

म्हणजे मूळ वही अत्यंत सभ्य आहे. असभ्यपणा सुरू होतो तो ती वाचण्याच्या पद्धतीत.

साधा 'गिट लॉग' टंकला तर ऑथरचं नाव, ऑथरची तारीख, ती त्याच्याच घड्याळाप्रमाणे, आणि त्याने लिहिलेला पूर्ण मजकूर दिसतो. पण साधं काही वापरलं तर इंजिनिअर कसले! मग येतं 'वनलाइन'. या प्रकारात एका कमिटची एक ओळ: सुरुवातीला क्रमांकाचा तुकडा, पुढे मथळा. नाव गायब, तारीख गायब, तीन परिच्छेद लिहून समजावलेलं कारण गायब. शोधाशोध करताना ही सोय झकास आहे, मीही दिवसातून दहादा वापरतो. पण मॅनेजरला पाठवायच्या साप्ताहिक अहवालात जेव्हा हीच यादी चिकटवली जाते, तेव्हा तो अहवाल कोणी कामच केलं नाही असा दिसतो. कामं आपोआप झाली! आणि ज्यांच्या कामाला नाव नसतं, त्यांचं काम मीटिंगमध्ये जो बोलतो त्याच्या नावावर जमा होतं. मीटिंगमध्ये बोलतो तो बहुधा इकडचा असतो.

दुसरा नमुना अधिक नामी आहे. इंटरनेटवर एक 'सुंदर लॉग'ची ओळ वर्षानुवर्षं फिरते आहे. ज्याच्या त्याच्या संगणकात 'एलजी' अशा छोट्या नावाने ती बसवलेली सापडेल. लाल क्रमांक, पिवळी शाखा, हिरवी वेळ, निळं नाव, बाजूला फांद्यांची नक्षी. दिवाळीतल्या रांगोळीसारखी दिसते. पण तिच्या पोटात शिरून पाहा: निळं नाव ऑथरचं आहे आणि हिरवी वेळ कमिटरची! पुण्यातल्या मुलीने सोमवारी केलेलं काम इकडच्या कोणी गुरुवारी रीबेस करून, म्हणजे उचलून नव्या जागी लावून, चढवलं, तर ही रांगोळी सांगते की तिने ते गुरुवारी केलं. तीन दिवस उशीर कोणाचा? तिचा. हजारो लोक ही ओळ न वाचता चिकटवतात. धंदा कोड वाचण्याचा, आणि स्वतःच्या पडद्यावरची एक ओळ वाचत नाहीत.

पण माझं खरं भांडण तिसऱ्या सेटिंगशी आहे. 'डेट बरोबर लोकल'. हे लावलं की जगातल्या सगळ्या कमिटच्या वेळा बघणाऱ्याच्या घड्याळात बदलून दिसतात आणि मघाचं ते +०५३० पुसलं जातं. नाव किती गोड आहे, 'लोकल'! पण लोकल कोणाचं? बघणाऱ्याचं. करणाऱ्याचं नव्हे.

याने काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. मी पूर्वी ज्या एका कंपनीत होतो तिथे नवा लॅपटॉप मिळाला की एक स्क्रिप्ट चालवायची पद्धत होती, आणि ती स्क्रिप्ट हे सेटिंग गुपचूप बसवायची. एकदा एका बदलामुळे यंत्रणा तासभर बंद पडली. रीतसर चौकशी, रीतसर मीटिंग, लॉगमधून काढलेला घटनाक्रम भिंतीवर. त्यात लिहिलेलं: मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. बदल पुण्याच्या एका मुलाचा होता. खोलीतल्या एकाने अगदी सरळ मनाने विचारलं, "भर दुपारी, सगळे जागेवर असताना, शेजारच्या कोणाला एकदा दाखवून घ्यायला काय झालं होतं?"

फोनवर पुणे गप्प. आपली पोरं अशा वेळी बोलत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

उन्हाळा होता, म्हणजे फरक साडेनऊ तासांचा. जर्सीतली दुपारची दोन दहा म्हणजे पुण्यातली रात्रीची अकरा चाळीस! शेजारची खुर्ची रिकामी होती, कारण शेजारचा घरी जाऊन जेवून झोपला होता. हा मुलगा जागा होता, कारण इकडच्यांना त्यांच्या दुपारी बदल हवा होता. मी साधा लॉग काढून ती +०५३० ची शेपूट पडद्यावर दाखवली. तो प्रश्न अहवालातून गाळला गेला. स्क्रिप्टमधलं सेटिंग मात्र मी ती कंपनी सोडेपर्यंत तसंच होतं, "कारण सगळ्यांना त्याची सवय आहे." सगळ्यांना म्हणजे कोणाला, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या जर्सी सिटीत हडसन नदीच्या काठावर कोलगेटचं एक अष्टकोनी घड्याळ आहे. १९२४ सालचं, तब्बल ५० फूट व्यासाचं. कारखाना कधीच गेला, घड्याळ राहिलं. पाहुणे आले की मी त्यांना ते दाखवायला नेतो आणि दरवेळी तीच पंचाईत होते: त्याचं तोंड नदीपलीकडे मॅनहॅटनकडे आहे. जर्सी सिटीच्या मातीत उभं, जर्सी सिटीच्या विजेवर चालतं, आणि वेळ दाखवतं पलीकडच्यांना. एक्स्चेंज प्लेसला पाथ ट्रेनमधून उतरून ऑफिसांच्या त्या काचेच्या मनोऱ्यांकडे शिरणाऱ्या गर्दीत आपली देशी माणसं किती असतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

घड्याळ कोणाचं दाखवायचं हा वाद आपल्याला नवा नाही. १९०६ मध्ये देशभर एक वेळ लागू झाली तेव्हा मुंबईने स्वतःचा 'बॉम्बे टाइम' सोडायला नकार दिला होता. फरक जेमतेम ३९ मिनिटांचा! तरी मुंबईकर भांडले आणि १९५५ पर्यंत मुंबईत ते दुसरं घड्याळ चालू राहिलं. ३९ मिनिटांसाठी भांडणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं आज साडेनऊ तास निमूटपणे देऊन टाकतात.

यावर आमच्यातले हुशार लोक म्हणतात, "अरे, नुसतं दाखवण्याचं तर सेटिंग आहे. खरा डेटा आत सुरक्षित आहे. ज्याला हवं त्याने बघावा." हा युक्तिवाद मला फार चीड आणतो. सातबाऱ्याचं घ्या. मूळ फेरफार दप्तरात असतातच. पण व्यवहार होतो तो उताऱ्यावर. बँक उतारा बघते, खरेदीदार उतारा बघतो. महाराष्ट्र शासनाने २०२०-२१ मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला. त्यात मयत खातेदार आणि फिटलेले बोजे पूर्वी कंसात दाखवत, ते आडवी रेघ मारून दाखवायचं ठरलं. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख समोर आली. जुन्या फेरफारांचे क्रमांक एका जागी आले. दप्तर तेच, दाखवणं बदललं. तेवढ्यासाठीही निर्णय काढावा लागला, वर्तमानपत्रांत छापून आलं, गावोगाव चर्चा झाली, कारण काय दिसतं यावर माणसाचं नशीब ठरतं हे सरकारी बाबूलाही ठाऊक आहे. आमच्याकडे मात्र कोणीतरी एक ओळ स्क्रिप्टमध्ये टाकतो आणि शंभर माणसांच्या रात्री दुपारी होतात. आणि मघाच्या मीटिंगमध्ये आत सुरक्षित असलेला डेटा बघायला कोण गेलं होतं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो टाळत नाही. वेळ दाखवली की साहेब पाळत ठेवेल. कोण किती वाजेपर्यंत बसला याचे तक्ते करेल. ही भीती खरी आहे. लॉगवरून माणसांचे तक्ते करणाऱ्या साहेबाच्या मी पूर्ण विरोधात आहे. पण ज्याला पाळत ठेवायची आहे त्याच्याकडे कंपनीच्या लॅपटॉपवर पन्नास साधनं असतात, 'लोकल'मुळे त्याचं काही अडत नाही. अडतं ते बिनपाळतीच्या, सज्जन सहकाऱ्याचं. त्याला समोरच्याची रात्र दिसली असती तर तो म्हणाला असता, राहू दे, उद्या सकाळी कर.

ही शेपूट शंभर टक्के भरवशाची नसते हेही मान्य. संगणकाचं घड्याळ जे सांगेल तेच गिट लिहितं, आणि दूरच्या सर्व्हरवर बसून काम केलं तर तिथला शून्य-शून्य पत्ता येतो. आणि यंत्रणा बंद पडल्यावर घटनाक्रम लावताना सगळ्या वेळा एका घड्याळात आणाव्याच लागतात, त्याला पर्याय नाही. आणा की! पण शेजारच्या रकान्यात करणाऱ्याची वेळही ठेवा. एक रकाना वाढला म्हणून कोणाचं पोट दुखत नाही.

'स्क्वॉश'बद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. चार जणांच्या वीस नोंदी चेपून एक केली आणि चेपणाऱ्याने ती स्वतः कमिट केली, की ऑथर तोच होतो; बाकीची नावं खाली मजकुरात हाताने लिहिली तर राहतात. हा दाखवण्याचा प्रश्न राहिलाच नाही, ही मूळ वहीतली खाडाखोड आहे. असो, तो राग पुन्हा कधीतरी.

दाखवणं बदलून भलं होतं असंही एक उदाहरण द्यायलाच हवं. आपल्याकडच्या मुलींचं लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, ईमेलही बदलतो. मग लॉगमध्ये एकीच्या दोघी होतात: एक लग्नाआधीची अनुभवी, दुसरी जणू काल नोकरीला लागलेली! यासाठी गिटमध्ये 'मेलमॅप' नावाची छोटी फाइल असते. जुनं नाव आणि नवं नाव एका ओळीत लिहिलं की जुन्या नोंदींना हात न लावता लॉग सगळं काम एका नावाखाली दाखवतो. कोणतं नाव वर ठेवायचं ते तिने ठरवायचं, टीम लीडने नाही. हिंजवडीतल्या किती प्रोजेक्टांत ही फाइल आहे, बघा जरा.

तेव्हा तिकडच्या मित्रांनो, उद्या ऑफिसात गेल्यावर दोन गोष्टी करा. 'गिट कॉन्फिग'मध्ये 'लॉग डॉट डेट' काय ठेवलंय ते बघा. 'लोकल' असेल तर 'आयएसओ' करा. तारीख नीट ओळीत दिसेल आणि शेपूटही राहील. आणि जिथे दुसऱ्याने चढवलेली कामं असतात तिथे लॉगला 'फॉरमॅट बरोबर फुलर' लावा. करणारा आणि चढवणारा, दोघांची नावं आणि दोघांच्या वेळा समोर येतात. मग ही सेटिंगं टीमच्या स्क्रिप्टमध्ये जावीत असा बदल स्वतःच्या नावाने पाठवा. कोणी विचारलं का, तर कारण कमिटच्या मजकुरात लिहा, चांगलं तीन परिच्छेद.

आणि हो, ज्यांच्या फाइलींची नावं मराठीत आहेत त्यांच्यासाठी: लॉगमध्ये फाइलींची यादी मागितली की गिट देवनागरी नावांच्या जागी उलट्या तिरप्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांचा भुसा दाखवतं. फाइल बिघडलेली नाही, दाखवणंच तसं ठेवलंय. 'कोअर डॉट कोटपाथ' हे 'फॉल्स' करा, नावं वाचता येतील.